लॅपटॉप उघडता यायचा तेव्हा

एके काळी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत चार्जर, माऊस आणि खोडरबर या तीन वस्तू असायच्याच. तिसरी वस्तू आज कुणाला सांगितली तर चेष्टा वाटेल. मशीन चालू केलं की दिवे लागायचे, पंखा फिरायचा, आणि स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. मग बॅटरी काढायची, तळाचं छोटं झाकण उघडायचं आणि रॅमच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अंगठ्यांनी बाहेर ढकलायच्या. पट्टी आपोआप तिरकी होऊन वर यायची. तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, फुंकर मारायची, पुन्हा तिरकी घालून खाली दाबायची. ‘टक्’ असा आवाज आला की बसली. पावसाळ्यात, घाटाखाली राहणाऱ्यांकडे तर हे हमखास व्हायचं. दमट हवेने आणि हाताच्या घामाने त्या पट्ट्यांवर किटण चढतं. यात खोडरबराचा गुण किती आणि नुसतं काढून पुन्हा घालण्याचा किती, याची मला तेव्हाही शंका होती. पण डिस्प्ले यायचा आणि घरात आपला भाव वाढायचा.

त्या काळातला लॅपटॉप उलटा केला की तळाला झाकणंच झाकणं दिसायची. रॅमचं वेगळं, हार्ड डिस्कचं वेगळं, वायफाय कार्डाचं वेगळं. बॅटरी दोन खटके सरकवून बाहेर यायची. बाजूने सीडीचा ड्राइव्ह एक स्क्रू सोडवला की अख्खा ओढून काढता यायचा. थिंकपॅडच्या तळाला तर स्क्रूशेजारी छोटी चित्रं असायची: हा सोडवलात तर कीबोर्ड निघेल, हा सोडवलात तर रॅम दिसेल. आयबीएमने १९९२ मध्ये ही काळी पेटी बाजारात आणली, २००५ मध्ये तो सगळा धंदा लेनोवोकडे गेला, पण दुरुस्तीचं पुस्तक छापण्याची रीत टिकली. कुठला भाग काढण्याआधी कुठले भाग काढावे लागतात, कुठल्या जागी किती लांबीचा स्क्रू लागतो, सगळं क्रमाने, आकृत्यांसह. आमच्या पिढीतल्या काहींनी ही मॅन्युअलं कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचली आहेत, आणि ती बरी लिहिलेलीही होती.

यातून आपोआप एक शिक्षण व्हायचं. रॅम म्हणजे काय हे व्याख्येतून नाही, तर ती हातात धरून कळायचं. एमएस-सीआयटीने महाराष्ट्राला संगणक वापरायला शिकवलं; गल्लोगल्लीच्या ‘हार्डवेअर अँड नेटवर्किंग’ क्लासनी तो उघडायला शिकवलं. बारावीत गाडी अडलेला शेजारचा मुलगा सहा महिन्यांचा तो कोर्स करून यायचा आणि सोसायटीतल्या सगळ्या मशीन त्याच्या ताब्यात जायच्या. विंडोज एक्सपीची सीडी, एक चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि रंगवायचा जुना ब्रश एवढ्यावर त्याचं दुकान चालायचं. प्रत्येक दुखण्यावर तो पहिला उपाय म्हणून ‘फॉरमॅट मारायचा’, ही गोष्ट वेगळी.

सुटा भाग आणायचा तर पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोडला उतरून ते नाव विचारणारा खरेदीला आलेला नसतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. तिथे नमुना घेऊन जायचा असायचा. रॅमची जुनी पट्टी काउंटरवर ठेवली की समोरचा ती उचलूनसुद्धा बघायचा नाही. “काका, खाच या जागी आहे, डीडीआर टू. वन हवी असती तर इकडे असती.” डीडीआर आणि डीडीआर टू या दोन्ही पट्ट्यांना दोनशेच पिना, दिसायला फरक फक्त खाचेच्या जागेत, चुकीची पट्टी बसूच नये म्हणून केलेली सोय. डीडीआर थ्रीला पुढे २०४ पिना झाल्या, फोरला २६०. ही माहिती आता कुणालाच लागत नाही, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

आवाज आणि उजेडाचंही एक निदानशास्त्र होतं. हार्ड डिस्क मरायच्या आधी बोलायची. नेहमीच्या घरघरीत मध्येच ठराविक अंतराने ‘खट्… खट्’ येऊ लागलं की समजायचं, आतला दांडा जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीये. आज रात्रीच फोटो काढून घ्या. स्क्रीनचं दुखणं त्याहून गमतीदार. तेव्हा पडद्यामागे एलईडी नसून बारीक काचेची नळी असायची, आणि तिला काही शे व्होल्ट पुरवणारी इन्व्हर्टरची चिंचोळी पट्टी. नळी म्हातारी झाली की सकाळी मशीन उघडल्यावर स्क्रीन गुलाबी दिसायची. मग एक दिवस अंधार. अशा वेळी जाणता माणूस टॉर्च मागायचा, पडद्यावर तिरका धरायचा, आणि त्या उजेडात विंडोजची पुसट चिन्हं दिसायची. म्हणजे पडदा जिवंत, उजेड गेलाय. इन्व्हर्टर बदलून बघायचा. नाही जमलं तर नळी. आई-वडिलांसमोर हा टॉर्चचा प्रयोग करून दाखवणाऱ्याला डॉक्टरइतका मान मिळत असे.

बॅटरीचं तर उघड गुपित होतं. त्या जाड पेटीत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल रांगेने बसलेले असायचे. म्हणून त्यांचं नाव १८६५०. सहा सेलची बॅटरी म्हणजे तीन जोड्या, मिळून साधारण अकरा व्होल्ट. बाजारात कवच तेच ठेवून आत नवे सेल भरून देणारे होते. त्यांतले काही चांगलं काम करत. काहींच्या सेलवर छापलेला आकडा आणि आतला माल यांचा परस्परांशी संबंध नसायचा. शिवाय त्या पेटीत हिशेब ठेवणारी एक चिप असते; सेल काढताना तिचा पुरवठा तुटला तर काही बॅटऱ्या कायमच्या कुलूपबंद होत. नव्या सेलसकट.

इथवर सगळं गोड आहे. पण त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्या माझ्या मित्रांशी माझं जमत नाही ते याच्या पुढे. कारण तो मेकॅनिक, ज्याच्या आठवणीने आम्ही हळवे होतो, त्याला बदलाबदली यायची. यंत्र कळायचं नाही. रॅम बदलून बघ, डिस्क बदलून बघ, अडॅप्टर बदलून बघ. एवढ्यानेही भागलं नाही की एकच वाक्य: “बोर्ड गेला.” हे वाक्य म्हणजे शेवटचा निकाल, त्यावर अपील नाही. बोर्डात काय गेलं, कुठे गेलं, का गेलं, हे विचारलं तर तो माझ्याकडे दयेने बघायचा.

त्याच्या अज्ञानाचा मोठा तमाशा २००८ च्या आसपास झाला. ग्राफिक्स चिप असलेले पुष्कळ लॅपटॉप वर्षा-दोन वर्षांत काळे पडू लागले. एनव्हिडियाने त्या जुलैमध्ये अशा सदोष नोटबुक चिपांच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. बाजारात मात्र वेगळाच सिद्धान्त पसरला. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे सोल्डरमधून शिसं गेलं होतं. म्हणून चिपखालचे डाग तडकतात, ते नव्याने भरा. झालं. गल्लोगल्ली ‘रिबॉलिंग’च्या पाट्या लागल्या. कुणी ब्लोअरने चिप शेकायचा, कुणी अख्खा बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. आश्चर्य म्हणजे मशीन चालू व्हायचं! महिनाभर, कधी दोन महिने. कंपनीने दिलेलं कारण मात्र चिपच्या आतल्या बांधणीच्या कमकुवत साहित्याचं होतं. दोष चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडात नसून चिपच्या पोटात होता. उष्णतेने तिथला तुटलेला जोड तात्पुरता टेकायचा, एवढंच. खालचे सगळे गोळे नवे भरले तरी जुनी चिप जुनीच. हजारो लोकांनी पैसे मोजून घेतला तो उपचार म्हणजे शेक होता.

याच सुमारास यंत्राचा तळ गुळगुळीत होऊ लागला. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या जाडीला. बॅटरीला झाकण नाही हे पुष्कळांच्या नंतर लक्षात आलं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. बाकीच्यांनी नावं ठेवली आणि चार वर्षांत तेच केलं. याला सगळेजण कंपन्यांचा डाव म्हणतात, आणि डाव आहेच. पण पूर्ण तेवढंच नाही. आजची कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम इतक्या कमी व्होल्टेजवर आणि इतक्या वेगाने चालते की खिट्टीतल्या पट्टीपर्यंतचा लांबचा रस्ता तिला सोसत नाही. ती प्रोसेसरला खेटूनच बसवावी लागते. यावर तोडगा म्हणून कॅम-टू नावाचा स्क्रूने दाबून बसवायचा नवा रॅमचा प्रकार २०२३ मध्ये प्रमाणित झाला. मशीनमध्ये तो अजून विरळाच दिसतो. आणि अडीच किलोचं, मांडीला चटके देणारं, दोन तासांत मान टाकणारं ते धूड पुन्हा खांद्यावर घेऊन लोकल पकडायची माझी तरी तयारी नाही.

बदल खरा झाला तो मेकॅनिकमध्ये. परवा एका दुकानात जाऊन बसलो होतो. काउंटरवर मायक्रोस्कोप, शेजारी आकडे दाखवणारा डीसी सप्लाय, ब्लोअर, चिमटे, आणि संगणकाच्या पडद्यावर बोर्डाचा नकाशा. पोरगा पंचविशीचा. समोरच्या मशीनला त्याने अडॅप्टर लावलाच नाही. सप्लायवरून १९ व्होल्ट दिले आणि नुसता अँपिअरचा आकडा बघितला. बटण न दाबताच आकडा वर उडाला. “शॉर्ट आहे, काका. मेन लाइनवर.” मग त्याने व्होल्टेज एकवर आणलं, बोर्डाच्या त्या भागावर ब्रशने आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावलं आणि सप्लायची तार टेकवली. ओल्या बोर्डावर एका ठिकाणी अल्कोहोल झपकन उडून गेलं. तिथे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सिरॅमिक कपॅसिटर होता. सगळी वीज त्याच्यातूनच जमिनीत जात होती, म्हणून तोच तापला. चिमट्याने तो उचलला, मीटर लावला, शॉर्ट गेला. मशीन चालू. आमच्या काळात याच मशीनवर “बोर्ड गेला” असा शिक्का बसला असता आणि ते भंगारात गेलं असतं.

“दुसरा नाही लावणार?” मी विचारलं.

“लावतो ना. पण इथे असे पाच समांतर आहेत. एक नसला तरी चालतं, म्हणून आधी काढून बघायचं.”

‘समांतर’ हा शब्द मी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा ऐकला. हे त्याला कुठे शिकवलं? कॉलेजात नाही. न्यूयॉर्कच्या दुकानात लुई रॉसमन वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर मॅकबुकचे बोर्ड दुरुस्त करत, कंपन्यांना शिव्या घालत बसायचा. ते व्हिडिओ या पोराने इंग्रजी धड कळत नसताना पाहिले. मग हिंदीतले, मग स्वतःचे हात पोळून. नकाशे मात्र कंपनी देत नाही. ते पेन ड्राइव्हवरून, टेलिग्रामवरून, या हातातून त्या हातात फिरतात. थिंकपॅडच्या पुस्तकात स्क्रूची लांबीसुद्धा छापलेली होती, आणि आज ज्याला खरोखर यंत्र कळतं त्याला त्याचा नकाशा चोरून बघावा लागतो. मला या सगळ्या बदलात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

दुसरं खटकतं ते ग्राहकाचं असहाय होणं. जुन्या मशीनचा बोर्ड गेला तरी हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली की बारशाचे फोटो दुसऱ्या मशीनवर जसेच्या तसे. आता काही मशीनमध्ये साठवणूक बोर्डावरच डाग दिलेली असते आणि तिच्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये. ॲपलच्या टी-टू चिपपासून हे ठळक झालं. चोरापासून बचावाच्या दृष्टीने उत्तम, पण चिप मेली की फोटोही गेले. विंडोज ११ मध्येही बऱ्याच मशीनवर हे कुलूप मालकाला न विचारता चालू असतं आणि दुरुस्तीनंतर अचानक ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडलेली असते. ते खातं भाच्याने उघडून दिलेलं असतं आणि भाचा कॅनडात असतो. त्या दुकानात असे गिऱ्हाईक मी बसलो असतानाच आले. एक गृहस्थ तर “माझंच मशीन मला ओळखत नाही का?” असं पोरावरच ओरडले.

सरकारांना हे हळूहळू उमगतंय. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण छापावे लागतात, दुरुस्तीला किती सोपा त्याचे. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू झालं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा नियम लागू व्हायचाय. जगभर एकच साचा चालतो, त्यामुळे बॅटरीचे स्क्रू आपल्याकडेही परत येतील अशी मला आशा आहे. हे मी त्या पोराला मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि विचारलं, तुझं गिऱ्हाईक तुटेल का?

तो मायक्रोस्कोपमधून मान वर न काढता म्हणाला, “बॅटरी लोकांनीच बदलावी हो. गोंद सोडवण्यात माझा अर्धा दिवस जातो. त्यांनी मला बोर्ड आणून द्यावेत.”