घडणावळ

सोनाराच्या पावतीवर दोन आकडे महत्त्वाचे. एक धातूचा, म्हणजे वजन गुणिले आजचा भाव. दुसरा घडणावळीचा. पहिल्यावर कुणी हुज्जत घालत नाही. तो भाव सकाळीच मोबाइलवर पाहून गिऱ्हाईक घरातून निघालेलं असतं. घासाघीस होते ती दुसऱ्यावर. ‘घडणावळीत काहीतरी बघा की’ हे वाक्य आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत दिवसभर कानावर पडतं. खाणीतून निघालेल्या धातूची किंमत आपण निमूट मान्य करतो आणि त्याला आकार देणाऱ्या हाताची मात्र पाडून मागतो.

सरकारी व्यवस्थेचा ओढाही धातूकडेच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक ॲपवर घातला की शुद्धता कळते, तपासणी केंद्र कळतं, सराफाची नोंदणी कळते. दागिना कुणी घडवला, हे कळत नाही. ९१६चा शिक्का सोन्याची साक्ष देतो. घडवणाऱ्याची साक्ष कुणी मागितलेलीच नाही.

मी सोन्यात काम करत नाही. पितळ, तांबं, थोडी चांदी, रेशीम आणि मणी एवढाच माझा संसार. चार बायका, एक मोठं टेबल आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर तो चालतो. या धंद्यात पावतीचं गणित उलटं होतं. पितळी ठुशीत पितळ कितीसं? बाकी सगळी घडणावळ. गिऱ्हाइकाला मी वस्तू विकते असं वाटतं, प्रत्यक्षात विकते ते कुणाचे तरी तास. म्हणून ‘आमचा धंदा प्रामाणिक आहे’ असं म्हणायचं झालं, तर त्या तासांचा हिशेब मांडावा लागतो. आणि तो मांडायला बसलं की एकेक नमुना बदलावा लागतो, हे मला कामातून उमगत गेलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘अशी तर बेंटेक्समध्ये दोनशेला मिळते,’ असं प्रदर्शनात कुणी म्हटलं की मला राग येत नाही. साच्यातल्या आणि मुलाम्याच्या दागिन्यांनी एक मोठं काम केलं आहे. ज्या घरात सोनं लग्नापुरतं उसनं येतं, त्या घरच्या बाईला त्यांनी ठुशी, नथ आणि कोल्हापुरी साज स्वतःच्या मालकीचा दिला. त्याला नाक मुरडणाऱ्यांच्या गळ्यात बहुधा खरं सोनं असतं. ‘हातानं केलेलं’ हा शब्द आपोआप पवित्र होत नाही. हातानं केलेल्या वस्तूमागे पिळवणूक असू शकते, आणि ती यंत्रामागच्या पिळवणुकीपेक्षा नजरेआड राहते. कारण ती कुणाच्या तरी घरात, ओसरीवर चाललेली असते.

अकीकाच्या मण्याचंच घ्या. तांबूस, मधाच्या रंगाचा हा मणी मला फार आवडतो. तो येतो गुजरातेतल्या खंभातहून. दगड निघतो भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरकडच्या खाणींतून. दगड उन्हात वाळवतात, मग मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहाचा रंग पालटतो आणि फिक्या दगडाला लाली चढते. मग फोडणं, घासणं, भोक पाडणं, झिलई देणं. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याची कार्यशाळा सापडली आहे, आणि सिंधू खोऱ्यातले असे मणी साडेचार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या उर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले होते. सांगायला किती छान! कार्डावर छापलं तर माळ हातोहात जाईल.

कार्डावर न छापण्याजोगा भाग पुढे आहे. हा दगड म्हणजे सिलिका. कोरड्या चाकावर मणी घासला की उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर इलाज नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं खंभातच्या या कारागिरांचा अभ्यास केलेला आहे. काम घरातच चालत असल्यामुळे चाकावर न बसणाऱ्या माणसांच्या श्वासातही धूळ जाते. बऱ्याचदा आजाराला क्षय समजून औषधं दिली जातात. पाणी धरून घासलं, चाकाला धूळ ओढणारा पंखा लावला तर धोका बराच कमी होतो. पण पाण्याचं काम संथ, पंख्याला खर्च, आणि दोन्ही गोष्टी मण्याच्या भावात दिसल्या की व्यापारी दुसऱ्या दारात जातो.

हे कळल्यावर अकीक सोडून देणं सोपं होतं. पण मी सोडल्यानं खंभातच्या कुणाची धूळ कमी होणार? कमी होईल ते त्याचं काम. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. व्यापाऱ्याला प्रत्येक खेपेला विचारायचं: ओलं घासलेलं की कोरडं? पहिल्यांदा तो हसला, मग वैतागला, आता उत्तर देतो. ते उत्तर दर वेळी खरं असेलच असं नाही. ओल्या कामाच्या मण्यांना जास्त पैसे मोजायचे, आणि ते परवडावेत म्हणून माळेत मणी कमी घालायचे. पूर्वी माझी अकीकाची माळ गच्च भरलेली असे. आता रेशमी गोफात लांब लांब अंतरानं पाच मणी बसतात. मोकळ्या जागेमुळे एकेक मणी दिसायला लागला, त्याच्या आतल्या रेघाही दिसायला लागल्या. गिऱ्हाइकांना ही माझी ‘शैली’ वाटते. तिचा उगम खर्चाच्या वहीत आहे.

धातूंचंही तसंच झालं. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे विकलं जातं त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. चांदी औषधालाही नसते. निकेलनं अनेकींच्या कानांना खाज सुटते, पाळ्या चिघळतात. युरोपात अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून निकेल किती सुटावं यावर कायद्यानं मर्यादा आहे. कॅडमियमची गोष्ट याहून वाईट. सोन्याच्या व्यवहारात ‘केडीएम’ हा शब्द लोक आजही शुद्धतेची खूण म्हणून वापरतात. कॅडमियम मिसळलेली डाक कमी आचेवर वितळते, जोड सफाईदार येतो, सोन्याचा कसही फारसा उतरत नाही. पण तिचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना बाधतो. दागिना घालणारीला त्याचा पत्ताही लागत नाही. सगळा त्रास फुंकणीच्या अलीकडे, सगळी शोभा पलीकडे.

आम्ही निकेल आणि कॅडमियम दोन्ही टाळायचं ठरवलं, तेव्हा चकचकीत पांढरा रंग हातचा गेला. उरलं पितळ, जे काळवंडतं, आणि तांबं, जे घामानं कातडीवर हिरवी छटा सोडतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगायचं, चिंचेनं किंवा रिठ्याच्या पाण्यानं कसं उजळायचं ते दाखवायचं. मग वाटलं, काळवंडायचंच आहे तर ते नक्षीच्या कामी का येऊ नये? आता आम्ही पानाच्या शिरा खोलगट ठोकतो. वापरता वापरता शिरा काळ्या पडतात आणि उंचवटे अंगाला घासून उजळ राहतात. नक्षी निम्मी टेबलावर होते आणि निम्मी घालणारीच्या गळ्यात.

‘नैसर्गिक’ म्हटलं की सगळं आलबेल, असंही नाही. बियांच्या दागिन्यांची टूम निघाली तेव्हा गुंजांची फार मागणी होती. गुंज म्हणजे सोनाराचं जुनं वजन: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. लाल-काळी, देखणी. पण तिच्यात ॲब्रिन हे जहाल विष असतं. कठीण टरफल शाबूत असेपर्यंत ते आत राहतं, आणि मणी म्हणून ओवायला भोक पाडलं की वाट मोकळी होते. २०११ साली ब्रिटनमध्ये अशा बियांची ब्रेसलेट्स बाजारातून परत मागवावी लागली होती. घरात रांगतं मूल असलेल्या गिऱ्हाइकाला मी हे कसं विकू? गुंजेऐवजी थोरली गुंज, म्हणजे रतनगुंज आली. तिचा रंग सरसकट लाल, काळ्या टिपक्याविना. तो टिपका मग आम्ही पितळेचा केला.

दुरुस्तीबाबत मात्र नवं काही शोधावं लागलं नाही, जुन्यांनी सगळं करून ठेवलं होतं. दागिना मोडला की मोड म्हणून सोनाराकडे जायचा आणि मुशीतून पुन्हा नवा व्हायचा. सराफकट्ट्यावरची केरधूळ झारेकरी धुऊन काढायचे आणि त्यातला कण न् कण परत मिळवायचे. ठुशी, मोत्यांची चिंचपेटी, तन्मणी हे सगळं पटवेकऱ्याकडे पुन्हा गाठवून मिळायचं. धागा कधी ना कधी तुटणार, हे धरूनच ते दागिने रचलेले असत. आजच्या स्वस्त दागिन्यात गोंद असतो. गोंद सुटला की दागिना कचऱ्यात. म्हणून आमच्या टेबलावर गोंदाची बाटली नाही. जे काही आहे ते तारेनं बांधलेलं, कडीत अडकवलेलं किंवा गाठवलेलं. ही अट सुरुवातीला जाचक वाटली. पण जोड लपवता येत नसेल तर तो देखणा करावा लागतो, आणि आमच्या बऱ्याच नमुन्यांचा जीव त्या जोडांतच आहे.

आता मजुरी. या धंद्यात ती बहुधा नगावर असते, किंवा वजनावर. आमच्याजवळच्या हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम असंच घरोघरी वाटलं जातं. कुणी कड्या जोडतं, कुणी घुंगरं लावतं. जितके नग, तितके पैसे. वरवर पाहता यात काही गैर नाही, हात चालेल तसा दाम. पण नवा नमुना टेबलावर ठेवला की माझ्याकडच्या मावशींचं एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘ताई, ह्यात लई येळ जातोय, जुनाच द्या.’ मला वाटायचं, यांना नव्याची आवड नाही. खरं कारण साधं होतं. नव्या नमुन्यावर हात बसेपर्यंत दिवसाकाठी निम्मेच नग होतात, म्हणजे शिकण्याचा खर्च त्यांच्या खिशातून जातो. कल्पना माझी, कौतुक माझं आणि नुकसान त्यांचं!

तेव्हापासून नमुना बसवण्याचे दिवस तासांवर. हात बसला, की किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं आणि त्यावरून नगाचा दर सगळ्यांसमोर ठरवायचा. परिणाम असा झाला की त्या स्वतःच्या सूचना आणायला लागल्या. ‘हा पदर उलटा फिरवला तर?’ ‘ही कडी इथं नको, टोचतीय.’ उरलेल्या तारेचा एक वळसा मावशींनी सहज घातला, आणि त्यातून निघालेली कुडी आज आमच्याकडे सर्वांत जास्त खपते. माणसाला चुकण्याचे पैसे मिळत असले तरच त्याला नवं सुचतं. एरवी सर्जनशीलता ही ज्याचं पोट भरलेलं आहे त्याची मिरास होऊन बसते.

नकलेचा प्रश्न मात्र असा सरळ सुटत नाही. कोल्हापुरी साजाची पानं, दशावतार, अष्टमंगल हे सगळं कुणा एकाचं नाही. ते घेऊन कुणीही काही घडवावं. तेरच्या लामतुरे संग्रहालयातले मणी आणि मातीच्या मूर्ती पाहून मी कितीतरी आकार उचललेत. पण लमाण बायकांचे जुने दागिने वजनावर विकत घ्यायचे, तोडायचे आणि ‘ट्रायबल’ म्हणून त्यांची कानातली करायची, हे मला उचलणं वाटत नाही, ओरबाडणं वाटतं. २०२५ साली प्राडानं मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मूळ सांगितल्यावाचून मिरवल्या, तेव्हा आमचं अख्खं गाव खवळलं होतं. तोच राग स्वतःच्या टेबलावर लागू करायला जड जातो. गिऱ्हाईक दुसरीच्या दागिन्याचा फोटो पाठवून ‘अगदी असंच करून द्या’ म्हणतं, तेव्हा मी जिनं तो केला तिचा पत्ता देते. ऑर्डर जाते. जाऊ दे.

अलीकडे आमच्यातली एक बाहेर पडली. माझ्याकडे शिकलेलीच ठुशी ती करते, माझ्यापेक्षा कमी भावात विकते, आणि मागच्या प्रदर्शनात तिचं टेबल माझ्या शेजारीच लागलं होतं. ‘तुमचंच डिझाइन आहे ना हो?’ असं दोघी-तिघींनी कुजबुजून विचारलं. आराखडा माझा होता, हे खरं. पण त्याची गाठ कशी बसते, दोरी कुठे दुमडते हे तिच्या बोटांनी शोधलं होतं, आणि त्या शोधाचे मी तिला फक्त तास मोजले होते. मग त्या ठुशीवर मालकी कुणाची? तासांची मजुरी चुकती केली की हाताचं सगळं देणं फिटतं, असं मला आता ठामपणे म्हणता येत नाही. तिला अडवायचा हक्क मला आहे की नाही, हे कायदा जाणणारं कुणी सांगेल. मला विचाराल तर तो वापरावासा वाटत नाही. चार बायकांना शिकवून त्या कायम माझ्याच टेबलाशी बसाव्यात अशी अपेक्षा धरायची, तर मग चांगल्या मजुरीच्या गप्पा कशाला? ती ठुशी आता तिचीही आहे. मला पुढचा नमुना काढावा लागेल, आणि तो बसवायचे तासही मोजावे लागतील.