रेडकू

हल्ली शहरातले लोक पैसे मोजून गोठ्यात राहायला जातात. सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरणही काढलं. धार काढतानाचा फोटो घ्यायचा, हुरडा खायचा, परत जायचं. मीही आठ दिवस गोठ्यात राहिलो, कडेगावजवळ. मामानं मालकाकडून घेतलेली उचल फेडायला.

मामाच्या पायावर म्हशीनं पाय दिलेला. माझी सूतगिरणी तेव्हा बंद होती. मामा म्हणाला, "भाच्या, तेवढं आठ दिस सांभाळ. खाडा पडला तर उचल वाढती."

बावीस म्हशी. निम्म्या मुऱ्हा, बाकीच्या पंढरपुरी, तलवारीसारख्या शिंगांच्या. पहाटे चारला शेण, मग कडबाकुट्टी, मग वैरण. टेंभूचं पाणी आल्यापासून इकडं ऊस वाढला, वाढ्यांना तोटा नाही. मला मशीनची सवय, पण मशीन लाथ मारत नाही. शेण मी काढायचं, मूत मी धुवायचं. धार मात्र मालकाचा पोरगा काढायचा. माझा हात कासेला चालत नाही, असं कुणी बोललं नाही. माझा कप भिंतीवर वेगळा होता, त्याबद्दलही कुणी बोललं नाही. मोहरमला कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून खांद्यावर घेतात, बघायला माणूस लोटतं. कप काय ताबुताएवढा जड असतो?

पाचव्या रात्री एक मुऱ्हा व्याली. टोणगा झाला. टोणग्याचं डेअरीला काय काम? रेडकाला जन्मल्यावर तासा-दोन तासांत पोटभर चीक लागतो, रोगाशी झुंजायची ताकद त्यातच असते. चीक वाड्यावर गेला, खरवसाला. ह्याला उरला अर्धा तांब्या. दोन दिवसांनी हगवण लागली. गूळ-मिठाचं पाणी बाटलीनं पाजत मी रात्रभर बसलो. पोतं पांघरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझं बोट चोखत होतं. पहाटे चोखायचं थांबलं.

मालक आला. लांबनंच म्हणाला, "वढ्याकडं वढून टाक. तुमचंच काम हाय की."

मी त्याला पुरणारच होतो. लिंबाखाली जागाही बघून ठेवलेली. पण ते शब्द ऐकले आणि हात थांबले. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आणि पुढं गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढणंही सोडलं. माझ्या पणज्यानं सोडलं तेव्हा गावानं पीठ-मीठ बंद केलेलं, आजी सांगायची. आणि २०१६ ला गुजरातेत, उनाला, मेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं, ते मी मोबाईलवर बघितलंय.

"न्हाय वढणार," म्हणालो.

"मग मामाला म्हणावं, उचल आणून टाक."

त्याच्या पोरानं पायाला दोरी बांधली, ट्रॅक्टरला अडकवली. रेडकाचं डोकं दगडांवर आपटत गेलं. रात्रभर माझ्या मांडीवर होतं ते. मी पुढं झालो नाही.

घरी येऊन मामाला सगळं सांगितलं. त्यानं उचलीचं काहीच विचारलं नाही. बराच वेळ पायाची पट्टी चाचपत बसला. मग म्हणाला, "त्याला पुरलं का रं कुणी?"