दोनाचा डिफरन्स

बँकेतला माणूस चार वर्षांतून एकदा भारत बघतो. याला एलएफसी म्हणतात. भारत बघायची इच्छा असो वा नसो, हक्क बुडू द्यायचा नाही, एवढा एकच धर्म आम्ही निष्ठेने पाळतो. या खेपेला अलप्पुळाची हाउसबोट निघाली. आम्ही चौघं, ताई आणि मेहुणे, आणि आप्पा. आप्पांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इंजिनं खोलली. निवृत्तीनंतर मात्र घरात त्यांना कुणी मिक्सरचं झाकणही उघडू देत नाही. ‘तुम्ही बसा हो, आप्पा’ हे वाक्य ते दिवसातून वीसेकदा ऐकतात आणि बसतात.

वेंबनाड तलावात रात्री कोळ्यांची जाळी असतात, म्हणून हाउसबोटी संध्याकाळीच काठाला बांधतात. आमचा एसी रात्री नऊला जनरेटरवर लागला आणि नऊ वीसला गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. फार तापलं की आपणहून बंद पडायची सोय त्या यंत्रात असते. आमच्या काउंटरवर ती अजून आलेली नाही.

मेहुण्यांनी मालकाला फोन लावून निम्मे पैसे परत मागितले. मालकाने बोटीवरच्या पोराला फोनवर घेऊन काहीतरी सुनावलं. मल्याळम आम्हाला येत नाही. पण पगारातून कापणार, हे कुठल्याही भाषेतलं असलं तरी चेहऱ्यावर वाचता येतं. मेहुणे मग स्वतःच टॉर्च घेऊन मागे गेले आणि पाण्याचं झाकण फिरवू लागले.

“जावईबापू, हात लावू नका! वाफ तोंडावर येईल!”

जावयावर आप्पा आयुष्यात प्रथमच ओरडले. ताईसुद्धा दचकली.

मग ते पोराला घेऊन धुराच्या नळीशी ओणवे झाले. हे यंत्र तलावाचं पाणी ओढतं, त्यावर आतलं गरम पाणी निववतं आणि धुराबरोबर बाहेर टाकतं. इथे नुसती वाफ येत होती. “पाणीच नाही, तर तापेल नाही तर काय?” आप्पा मराठीत म्हणाले. पोराने मल्याळममध्ये होकार भरला. पुढचे दोन तास दोघांनी असंच संभाषण केलं आणि कुणाचं काही अडलं नाही.

कॉक बंद करून गाळणी उघडली, तर आत जलपर्णीच्या मुळांचा बोळा. ही बया खाऱ्या पाण्यात मरते. पण कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली. तिला खारं पाणी लागू नये म्हणून १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमला बंधारा झाला. हिवाळ्यात त्याची दारं लागली की भात वाचतो आणि जलपर्णीचंही आयतं फावतं.

गाळणी साफ केली, तरी पाणी जेमतेमच. मग पंप खोलला. आतला रबरी पंखा कोरडा फिरून फाटला होता. पोराकडे नवा होता. तो खुशीने बसवायला निघाला, तेव्हा मी आडवा हात घातला. नव्याला पाती सहा, जुन्याला उरलेली चार.

“बाकीची दोन कुठायत?”

याला कुणी हुशारी समजू नये. वीस वर्षं संध्याकाळी कॅश जुळवलेल्या माणसाला दोनाचा डिफरन्स दिसला की जेवण जात नाही. आप्पांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जसं बी.कॉम.च्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. “बरोबर! पाण्याबरोबर पुढे गेली असणार. कूलरच्या तोंडाशी अडकली, तर नवा पंखा घालूनही तापणारच.”

एक पातं पंपातच सापडलं. दुसऱ्यासाठी कूलरकडे जाणारी नळी सोडवावी लागली. मेहुण्यांनी टॉर्च धरला. पाऊण तास डास आम्हाला सहकुटुंब जेवत होते. “राहू दे रे एक,” असं मेहुणे दोनदा म्हणाले. मी ते सस्पेन्स खात्यात टाकायला साफ नकार दिला. शेवटी पोराने तारेच्या आकड्याने ते ओढून काढलं. चार अधिक दोन, सहा. जुळलं.

पावणेबाराला जनरेटर लागला आणि नळीतून पाणी भदाभदा पडू लागलं. ताईने मेहुण्यांना मालकाला दुसरा फोन करायला लावला. तो करताना मेहुण्यांचा आवाज बराच खाली आला होता.

“आप्पा, एसी लागलाय. झोपायला चला.”

“तुम्ही झोपा. अजून अर्धा तास लोडवर बघायचाय.”

पोराने एक बादली पालथी घालून त्यांच्याकडे सरकवली. आप्पा बसले नाहीत. पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून उभे राहिले.