चौलची वेल, माणची पडवी



कधी अलिबागकडे गेलात तर चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत जरूर डोकावा. बाहेर ऊन तापलेले असते, पण वाडीत पाऊल टाकले की अंगाला गारवा लागतो. वर नारळी, खाली पोफळी आणि पोफळीला बिलगून चढलेली नागवेल. पाणी येते, माती भिजवते आणि निचरून जाते.

तिथून वेलीची दोन कांडी मी माण तालुक्यातल्या आमच्या घरी आणली. देवापुढच्या विड्याला घरचे पान असावे, अशी आईची इच्छा. वेल जगली नाही. खरे सांगायचे तर मी, शेतीचा पदवीधर, मीच ती मारली. ओटीवर झळा लागून पाने करपू लागली, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी ओतले. कुंडीचे भोक मातीने बुजले होते, ते पाहिलेच नाही. वेल पिवळी पडली आणि बुडाशी काळी पडून कुजली. साचल्या पाण्याने पानमळ्याला मर लागते, हे गावोगाव सांगणारा मीच! आई काही बोलली नाही. तिने बाजारातून पाने आणवली, तेच जास्त लागले.

पुन्हा चौलला गेलो तेव्हा वाडी नीट पाहिली. तिकडे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे जेमतेम ५००. म्हणजे आपल्याकडे ओलावा मुळांपेक्षा हवेला हवा.

तुम्ही असे करा. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घाला, त्यावर माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत भरा. तीन-चार पेऱ्यांचे कांडे घेऊन दोन पेरी मातीत पुरा. कुंडी पडवीत माठाशेजारी ठेवा. उजेड हवा, पण ऊन आणि वारा नको. खाली परातीत खडे व पाणी ठेवा, मात्र कुंडीचे बूड पाण्याला टेकू देऊ नका. वेल चढायला गोणपाट गुंडाळलेली काठी रोवा आणि ते गोणपाट ओले ठेवा. बोट पेरभर मातीत खुपसून पाहा, कोरडे लागले तरच पाणी घाला. वैशाखात खिडकीला ओले गोणपाट बांधा.

यंदा गणपतीच्या विड्याला आईने घरची पाने खुडली. तुमची वेल रुसली तर तांब्या उचलण्याआधी कुंडीचे भोक तेवढे पाहा.