आमचें एक चुकीचें चित्र

शाळेच्या विज्ञानशाळेंत, आम्लांच्या कपाटाशेजारीं, एक करड्या रंगाचें चित्र टांगलेलें आहे. चार पाकळ्यांचीं इवलींशीं फुलें दोन-दोन मिळून इतस्ततः विखुरावीं, तसें तें दिसतें. तें चित्र आम्हीं पाठविलेलें आहे, व तें चुकीचें आहे. त्याची हकीकत आमच्याच तोंडून विद्यार्थ्यांच्या कानीं जावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

तीं फुलें म्हणजे कॉपर थॅलोसायनीन नांवाच्या सेंद्रिय पदार्थाचे रेणु. नांव अवघड, पण पदार्थ ओळखीचा. छापखान्यांतील निळ्या शाईस रंग येतो तो बहुधा याचाच. १९२७ सालीं स्वित्झर्लंडांत दोघां रसायनशास्त्रज्ञांस भलताच पदार्थ करूं जातां हें निळें चूर्ण हातीं लागलें, आणि १९३५ पासून तें रंग म्हणून बाजारांत आलें. याचा रेणु क्रुसाच्या आकाराचा असतो. मध्यें तांब्याचा एक अणु, चार दिशांस चार पाकळ्या. या टोंकापासून त्या टोंकापर्यंत लांबी सुमारें दीड नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

१९८६ सालीं टँग नांवाच्या शास्त्रज्ञानें याच निळ्या पदार्थाचा एक पातळ थर व दुसऱ्या एका सेंद्रिय पदार्थाचा एक थर एकमेकांवर देऊन सूर्यप्रकाशापासून वीज काढून दाखविली. तेव्हांपासून असल्या थरांचें महत्त्व फार वाढलें. थरांतून धातूंत वीज उतरते ती धातूला चिकटलेल्या अगदीं पहिल्या पदरांतून. त्या पदरांतले रेणु निजलेले आहेत कीं उभे, दाटीनें बसले आहेत कीं विरळ, यावर पुष्कळ अवलंबून असतें. धातूवर प्रथम येणारे रेणु जागा कशी धरतात, तें पाहणें हें आमचें काम होतें.

‘पाहणें’ हा शब्द आम्हीं संवयीनें वापरला. प्रकाशाच्या लहरी या रेणूच्या कित्येक शेंपट लांब असतात. भिंगानें तो दिसावयाचा नाहीं. १९८१ सालीं झुरिच येथें बिनिग व रोरर यांनीं जें यंत्र सिद्ध केलें, व ज्याबद्दल त्यांस १९८६ सालच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला, त्यांत भिंगच नाहीं. टंगस्टनच्या तारेचें टोंक इतकें अणकुचीदार करावयाचें कीं शेवटीं एकच अणु पुढें राहावा. तें टोंक धातूपासून सुमारें एक नॅनोमीटरवर आणावयाचें, पण टेकूं द्यावयाचें नाहीं. मधल्या पोकळींतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह पलीकडे झिरपतो. अंतर नॅनोमीटरच्या दहाव्या भागानें वाढलें तर हा प्रवाह सुमारें दहापटीनें घटतो. म्हणून प्रवाह कायम राखीत टोंक ओळीमागून ओळ फिरविलें म्हणजे खालच्या चढउतारांचा नकाशा मिळतो. आंधळा मनुष्य उठावाचीं अक्षरें बोटानें वाचतो, तसाच हा प्रकार. मात्र बोटाला लागतें ती नुसती उंची नव्हे. १९९६ सालीं अमेरिकेंत असें आढळून आलें कीं, सोन्यावर बसलेल्या थॅलोसायनीनच्या मध्यभागीं कोबाल्टचा अणु असला तर तेथें उंचवटा दिसतो, तांब्याचा असला तर खळगा. आणि आकार तर दोघांचा एकच! विजेला वाट कोठें सुलभ आहे, तेंच यंत्र सांगतें. बाकीचें आपण समजून घ्यावयाचें असतें, आणि आम्ही चुकलों ते तेथेंच.

तयारीची यातायात मोठी. सोन्याचा स्फटिक निर्वात पात्रांत ठेवावयाचा. तें पात्र दीडशें अंशांवर दिवस-दोन दिवस भाजावयाचें, म्हणजे भिंतींस चिकटलेलें पाणी निघून जातें. मग आरगॉन वायूच्या विद्युद्भारित अणूंचा मारा करून सोनें खरवडावयाचें, तापवून पुन्हां सपाट करावयाचें, असें कित्येक वेळां. नंतर निळी पूड सुमारें चारशें अंशांपर्यंत तापवून तिची वाफ सोन्यावर अगदीं विरळ धरावयाची, आणि सगळें द्रव हेलियमनें उणे २६८ अंशांपर्यंत गार करावयाचें; नाहीं तर सुटे रेणु जागेवर राहत नाहींत. इतकें करून टोंकच बिघडलेलें निघालें, तर आठवडा गेला. असे आमचे किती गेले, तें मोजण्यांत अर्थ नाहीं.

म्हणून एका पहाटे पडद्यावर तीं जोडीजोडीनें बसलेलीं फुलें उमटूं लागलीं, तेव्हां आम्हांस काय वाटलें असेल तें वाचकांनींच जाणावें. सोन्यावर येणारे पहिले रेणु एकमेकांपासून दूर राहतात, असें आम्हीं वाचलें होतें. जोड्या कोठेंच वाचनांत नव्हत्या. नवें कांहीं सांपडलें, असें आम्हीं ठरवून टाकलें. दोन दिवसांत लेखास आरंभ झाला. आणि ज्यांनीं आम्हांस शाळेंत कांद्याची साल सूक्ष्मदर्शकांतून प्रथम दाखविली, त्या सरांकडे चित्राची मोठी प्रत गेली. त्यांनीं ती चौकटींत बसवून लावली.

शंका आली ती शेजारच्या मेजावर काम करणाऱ्या एका बाईंस. सोन्याच्या त्या पृष्ठभागावर अणूंच्या रांगा तीन दिशांनीं जातात व तिन्ही दिशा सारख्याच. रेणूंनीं खरोखर जोड्या केल्या असत्या, तर कांहीं एका दिशेस, कांहीं दुसऱ्या, कांहीं तिसऱ्या दिशेस वळल्या असत्या. आमच्या चित्रांतील यच्चयावत् जोड्या एकाच दिशेस तोंड करून होत्या, आणि प्रत्येकींतलें अंतरही तेंच! बाईंनीं पेन्सिलीनें चारपांच समांतर रेघा ओढल्या व कांहीं न बोलतां कागद आमच्याकडे सरकविला.

टोंकावर एकाऐवजीं दोन अणु पुढें आलेले होते. प्रत्येक रेणु दोनदां वाचला जात होता. टोंक बाजूला नेऊन त्यास विजेचा एक झटका दिला. मग तीच जागा पुन्हां फिरविली, तों प्रत्येक जोडीच्या जागीं एकच फूल.

लेखाचे कागद फाडतांना फारसें दुःख झालें नाहीं. सरांस कळविणें मात्र जड गेलें. तीन पत्रें लिहून टपालांत टाकलींच नाहींत. चौथ्यांत, चित्र कृपा करून काढून टाकावें, अशी विनंती केली. सरांचें उत्तर पोस्टकार्डावर आलें. चित्र काढणार नाहीं. खरें चित्र पाठव, शेजारीं लावतों. आणि ज्या रेघांवरून चूक कळली त्या रेघा ओढलेली पहिल्याची एक प्रतही पाठव, इतकाच मजकूर.

दोन्ही गेल्या महिन्यांत रवाना केलीं आहेत. रेघा मात्र बाईंकडूनच ओढवून घेतल्या.