हात मोकळे

'बोट लागणे' हा शब्दप्रयोग मराठीत दोन अर्थांनी येतो. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. आमच्या घरात मात्र तो कोणत्याच अर्थाने उच्चारला जात नसे. रेवस बंदर घरापासून तासाभराच्या चालीवर, वाऱ्याची दिशा बदलली की लाँचचा भोंगा अंगणात ऐकू येई. तरीही मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत पाण्यावर पाऊल ठेवले नव्हते. शिक्षणासाठी मुंबईला गेलो तो एस.टी.च्या लांबच्या वळशाने, नोकरीच्या काळात सुट्टीला आलो तोही तसाच. भाऊच्या धक्क्यावरून दीड तासात घरी पोहोचणारे माझे शाळासोबती मला हसत. मी त्यांना बस बरी पडते असे सांगत असे.

कारण सांगायचे तर १७ जुलै १९४७ पर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. आषाढी अमावास्येचे दिवस, सणासाठी घरी निघालेली माणसे, वर पाऊस. मोठ्या लाटेच्या तडाख्याने उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेंहून अधिक माणसे गेली. अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्यांत माझे आजोबा नव्हते. ते मुंबईला एका पेढीवर कारकून होते, वय चौतीस. देह सापडला नाही. आजी तीन दिवस रेवसच्या धक्क्यावर बसून राहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी झाला. गिरगावातल्या खोलीवरची त्यांची ट्रंक काही आठवड्यांनी घरी आली. तिच्यात दोन धोतरे, एक कोट आणि एक कागद होता. घरी न्यायच्या वस्तूंची ती यादी होती : चहापूड, खण, मुलासाठी पाटी, वातीचा कापूस. प्रत्येक वस्तूपुढे खरेदी झाल्याची खूण होती.

त्यानंतर आमच्या घराण्यात कोणी पाण्यावरून जायचे नाही, हा आजीचा दंडक. ती १९७४ साली गेली, पण दंडक राहिला. वडिलांनी तो पाळला. मी तर तो पाळतो आहे याचेही मला भान नव्हते. नारळी पौर्णिमेचा नारळसुद्धा आजी शेजारच्या मुलाच्या हाती पाठवी, स्वतः जात नसे. समुद्रावर तिचा राग होता असे मला कधी वाटले नाही. बोलणे टाकलेल्या नातेवाइकाशी वागावे तशी ती त्याच्याशी वागे.

माझी पत्नी यवतमाळकडची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तेव्हापासून तिला त्याच्यावरून कुठेतरी जायचे होते. चाळीस वर्षे तिने माझ्या घरच्या दंडकाचा मान राखला. २०१८ च्या दिवाळीत तिने लक्षद्वीपच्या बेटांची माहिती माझ्यासमोर ठेवली आणि एवढेच म्हणाली, "आता गुडघे आहेत तोवर." या वाक्याला उत्तर नव्हते. फेब्रुवारीचा बेत ठरला : कोचीहून बोटीने कडमत बेट, तिथे चार दिवस आणि परत. बोट अडीचशे उतारूंची. टोलेजंग प्रवासी जहाजे पाहिलेल्यांना ती खेळण्यासारखी वाटेल. मला ती पुरेशी मोठी वाटत होती आणि पुरेशी मोठी नाही असेही वाटत होते.

तयारी सुरू झाली ती कागदपत्रांपासून. ही बेटे भारतातच असली तरी तिथे जाण्यास परवाना लागतो, आणि त्या परवान्यासाठी आपल्या पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला. ठाण्यातल्या हवालदाराने अर्ज वाचून विचारले, "गुरुजी, या वयात कुठे निघालात?" मी बेटाचे नाव सांगितले. तो म्हणाला, "विमान नाही का जात?" विमान अगत्तीपर्यंत जाते हे मला ठाऊक होते, आणि तो मार्ग मी मनातल्या मनात बरेच दिवस घोळवलाही होता. पण पत्नीला बोटीनेच जायचे होते. हवालदाराने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिले आणि शिक्का मारला.

दुसरा प्रश्न बोट लागण्याचा. या बाबतीत मला थोरांची संगत आहे हे कळून बरे वाटले. नेल्सनसारख्या दर्यावर्दी सेनापतीला आयुष्यभर बोट लागे; १८३१ साली 'बीगल'वर निघालेला डार्विन पाच वर्षांच्या सफरीत तिच्यापासून सुटला नाही आणि वाईट दिवसांत मनुकांवर राहिला. आमच्या डॉक्टरांनी कारण सोपे करून सांगितले : आतला कान सांगतो की तू हलतो आहेस, खोलीच्या भिंतीकडे पाहणारा डोळा सांगतो की नाहीस, आणि या भांडणात पोट बळी जाते. म्हणून डोळ्याला क्षितिज दाखवावे, बोटीच्या मधोमध आणि शक्य तितके खालच्या बाजूला राहावे, पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. ॲव्होमिनची गोळी पुष्कळजण घेतात, पण काचबिंदू असलेल्याने किंवा माझ्यासारख्या प्रोस्टेट वाढलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. मला त्यांनी दुसरी लिहून दिली आणि ताकीद दिली की गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. शिवाय ती आधी एकदा घरी घेऊन पाहायची, म्हणजे किती झोप येते ते समजेल. मी एका रविवारी ती घेतली आणि दुपारी तीनपर्यंत आरामखुर्चीत पेंगत राहिलो. पत्नीने आपल्या बाजूने आलेपाकाच्या वड्या केल्या आणि काळ्या मनुकांची पुडी बांधली. डार्विनचा दाखला तिला पटला होता.

तिसरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ती मी स्वतःच काढली. समुद्रकाठी जन्मून मला पोहता येत नव्हते. नगरपालिकेच्या तलावात सकाळी सात ते आठ ही वेळ शिकाऊ मुलांची होती, त्यांत मी नाव घातले. कमरेला फळी बांधलेली आठ-नऊ वर्षांची पोरे आणि त्यांच्यामधोमध एक पांढऱ्या केसांचा निवृत्त प्राध्यापक. पोहणे मला दीड महिन्यात आले नाही, येणारही नव्हते. शिकवणारा तरुण समजूतदार होता. त्याने पोहण्याचा नाद सोडला आणि मला फक्त पाठीवर तरंगायला शिकवले. मान मागे, कान पाण्यात, पोट वर. पहिले दहा दिवस मी त्याचे मनगट इतक्या जोराने धरीत असे की त्याला वळ उठत. तो म्हणे, "आजोबा, मी धरलंय तुम्हाला, तुम्ही मला धरू नका." कान पाण्यात बुडाले की बाहेरचा सगळा गलका नाहीसा होतो आणि स्वतःच्या श्वासाचाच आवाज मोठा ऐकू येतो. पहिल्यांदा त्याने हात काढून घेतला तेव्हा ते मला कळलेच नाही. तरंगत असताना डोळ्यांसमोर तलावाच्या छताचे पत्रे होते आणि मनात आजोबांना हे येत होते का, हा प्रश्न. वडिलांना विचारायचे राहून गेले. जुलैच्या त्या समुद्रात येत असते तरी किती उपयोग झाला असता, हेही खरे.

सामानाचे शिक्षण मला दिले ते मालवणकडच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी. ऐंशी उलटलेल्या या गृहस्थांचे सारे बालपण कोकणच्या आगबोटींवर गेलेले. चामड्याची बॅग नेणार, असे मी सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले. आगबोट प्रत्येक बंदराला धक्क्याशी लागत नसे; ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला येत. लक्षद्वीपलाही तेच. काही बेटांवर आता धक्के झाले आहेत, पण समुद्राची लहर वेगळी असली की बोट बाहेरच उभी राहते, तिच्या कुशीतले दार उघडते आणि खाली वरखाली होणाऱ्या होडीत पाय टाकावा लागतो. "त्या वेळी हातात काही नको," ते म्हणाले, "पिशवी नको, चष्म्याचं घर नको, बायकोचा हातसुद्धा नको. हात मोकळे. पडाव वर येऊ द्यायचा, आणि वर येऊन क्षणभर थांबतो ना, तेव्हा पाय टाकायचा. खाली जाताना टाकलात तर मेलात. उडी मारायची नाही. खलाशी मनगट धरील. त्याला धरू द्यायचं." हे त्यांनी आपल्या दिवाणखान्यात पाट मांडून मला करून दाखवले. त्यांची सून दारात उभी राहून पाहत होती.

मग पाठीवर घ्यायच्या दोन पिशव्या आल्या आणि यादी झाली. सुती कपडे तीन जोड, वाऱ्यासाठी एक जाड सदरा, मागून पट्टा असलेले रबरी सँडल, कारण प्रवाळाने कापलेला पाय लवकर बरा होत नाही, टॉर्च, औषधे दुप्पट, अर्धी तिच्या पिशवीत आणि अर्धी माझ्या, परवान्याच्या झेरॉक्स प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, रोख पैसे, आणि बेटावर बी.एस.एन.एल. चालते म्हणून त्याचे सिमकार्ड. पिशवी भरताना पत्नी एकेक नाव वाचत होती आणि मी वस्तू आत ठेवीत होतो. तिने पेन पुढे केले तेव्हा मी वस्तूंपुढे खुणा केल्या नाहीत. तिने काही विचारले नाही. कागद घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

आणखी एक तयारी उरली होती आणि ती टाळण्याची सारी कारणे मी शोधून पाहिली. अठरा तास बोटीवर काढण्याआधी तास-दीड तासाचा सराव करणे शहाणपणाचे होते. मांडव्याच्या कटमरानने जाता आले असते. पण जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्यावर जाऊन रेवसच्या लाँचची दोन तिकिटे काढली. ओल्या पायऱ्या, मासळीचा वास, डिझेलचा धूर, टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया. सहकाऱ्यांचा पाठ आठवून मी हात मोकळे ठेवले आणि लाँच वर येण्याची वाट पाहू लागलो. मागच्या बाईने "चला की म्हातारबा" म्हणून पाठीत कोपर लावले आणि मी आत पोहोचलो.

समुद्र शांत होता. जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवली आहेत ते मी पाहून घेतले. बाकी कुणी तिकडे पाहिले नाही. बंदरातली मोठी जहाजे मागे पडली तसा वारा लागला. मी सुकाणूवरच्या सारंगाला काशाचा खडक कुठे, असे विचारले. त्याने मान न वळवता हनुवटीने दिशा दाखवली आणि थोड्या वेळाने विचारले, "कोण होतं?" मी सांगितले. "आमच्या आजाने चार काढले होते," तो म्हणाला, आणि पुढच्या एका मचव्याला वाट देण्यासाठी भोंगा वाजवला. पत्नीने पिशवीतून नारळ काढला. तो तिने आणला आहे हे मला ठाऊक नव्हते. तिने तो माझ्या हातात दिला नाही, स्वतःच दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. लाँचच्या मागच्या फेसात बराच वेळ दिसत राहिला. मला बोट लागली नाही. रेवसला उतरलो तेव्हा ओहोटी होती, धक्क्यापर्यंत चिखल उघडा पडला होता आणि आजी नेमकी कुठे बसली असेल ते मला ठरवता येईना, कारण धक्काही आता पहिला राहिलेला नव्हता.

कोचीला विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून आम्ही फेब्रुवारीत दुपारी निघालो. चढल्याबरोबर मी आमच्या खोलीपासून उघड्या डेकपर्यंतच्या पायऱ्या मोजल्या, तेवीस. आणि दिवे गेले तर चुकू नये म्हणून त्या एकदा डोळे मिटून चढलो. सायंकाळी खलाशाने जाकीट बांधून दाखवले ते पहिल्या रांगेत उभे राहून पाहिले. गोळी वेळेवर घेतली होती, तरी रात्री अकराच्या पुढे बोट हलू लागली तसा झोपणे अशक्य होऊन डेकवर आलो आणि मधोमध एका पेटीवर बसून मनुका खात राहिलो. क्षितिज अंधारात दिसत नव्हते, म्हणून एका ताऱ्यावर डोळा ठेवला. आमच्याच बोटीवरून घरी निघालेले एक बेटकरी कुटुंब शेजारी चटई टाकून गाढ झोपले होते. त्यांतल्या लहान मुलाचा पाय माझ्या सँडलला लागत होता.

सकाळी बेट दिसले तेव्हा बोट बाहेरच उभी राहिली. कुशीतले दार उघडले. खाली होडी, तिच्यात दोघे खलाशी, आणि मधल्या फटीत इतके निळे पाणी की मी दोनदा पाहिले. पत्नी माझ्या आधी गेली, यवतमाळच्या सहजतेने. मग माझी पिशवी कुणीतरी घेतली. होडी खाली गेली, मी थांबलो. वर आली, मी थांबलो. खालचा खलाशी मल्याळममध्ये काही म्हणाला आणि त्याने दोन्ही हात वर केले. होडी पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली आणि क्षणभर थांबली.