साडेसोळा मिलिमीटरचा करार

अमेरिकेतल्या आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात पूर्वी नवा डबा खोक्यातून काढला की तो थेट रुळांवर जात नसे. आधी खिशातून एक पोलादी पट्टी निघायची. तळहातात मावेल एवढी, कडेला खाचा पाडलेली. डबा उलटा धरायचा आणि एकेका जोडीची चाकं त्या खाचांत बसवून बघायची. चाकांच्या कडा अलगद बसल्या तर उत्तम. नाहीतर चाक हलकेच पिळत आसावर सरकवायचं. रूळही हातानेच घालायचे: लाकडी स्लीपर, इवलेसे खिळे आणि चार-पाच खिळ्यांमागे एकदा पट्टी.

क्लबातल्या ज्येष्ठांनी त्याआधीचे दिवस पाहिलेले. एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चालेल याची तेव्हा काहीच खात्री नसे. लायोनेलने १९०६ साली आपल्या रुळांना 'स्टँडर्ड गेज' असं नाव दिलं खरं, पण ५४ मिलिमीटरचं ते माप युरोपातल्या गाड्यांशी जुळत नव्हतं. अखेर १९३५ साली मिलवॉकीत हौशी मंडळी एकत्र आली, नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन उभी राहिली आणि रूळ व चाकांची मापं कागदावर आली. आमच्या पट्टीच्या खाचा त्याच मापांच्या.

कोथरूडच्या जोशी संग्रहालयातल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एचओ म्हणजेच १:८७ हे प्रमाण ओळखीचं असेल. खऱ्या रुळांमधलं १४३५ मिलिमीटर अंतर या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर होतं. पण एवढ्याने भागत नाही. गाडीची खरी परीक्षा सांध्यावर होते. तिथे रुळाला फट असते आणि चाकाने भलत्या फाट्यात शिरू नये म्हणून समोरच्या बाजूला एक आडरूळ त्याला धरून ठेवतो. जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे १४.४ मिलिमीटर अंतर लागतं. ते कमी झालं तर कड आडरुळावर चढते. जास्त झालं तर चाक फाट्याच्या टोकावर आदळतं. दोन्हीकडून गाडी घसरतेच. केसाएवढ्या फरकाचा हा खेळ म्हणून ती पट्टी मोलाची.

आज नवा डबा खोक्यातून निघतो तो सरळ रुळांवर. चाकं धातूची, कडा बारीक, सांधे तयार. इंजिन मोबाइलवरून चालतं, आणि एका कंपनीच्या कंट्रोलरचं दुसऱ्या कंपनीचं इंजिन ऐकतं, कारण नव्वदच्या दशकात डिजिटल संकेतांचंही असंच प्रमाण ठरलं. या जुळण्यापायी थोडी तडजोडही होते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७ मध्ये रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. तरी भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बहुतेक जण साडेसोळाच घेतात. रूळ थोडे अरुंद दिसतात, पण आपलं इंजिन जगात कुणाच्याही घरी धावू शकतं.

त्या संध्याकाळी मला फार आठवतात. कानशीचा आवाज, गप्पा, ज्येष्ठांचे अनुभवी हात. पण गाडी न घसरता तासभर फिरते आणि मूल टाळ्या पिटतं, हे आजचं सुख त्याहून मोठं आहे, आणि ते त्याच हातांनी मिळवून दिलेलं आहे. म्हणूनच नव्या हौशी मुलांना माझं सांगणं असतं: पहिल्या इंजिनासोबत ती पट्टीही घ्या. ही प्रमाणं म्हणजे कायदा नव्हे. कुठल्याही कारखान्यावर त्यांची सक्ती नाही. गिऱ्हाईक मोजून घेतं तोवरच कारखानदार मापात राहतो. आपण मोजणं सोडलं, तर पुन्हा ज्याची गाडी त्याचेच रूळ व्हायला वेळ लागणार नाही.